भिंतीला ऐकवायचं

तात्या गाडीतून उतरले ते थेट कंपाऊंडच्या भिंतीजवळ गेले. हातातली काठी उंच धरून त्यांनी भिंत मापली. काठी संपली तरी वर हातभर भिंत उरली. मग फाटकापाशी उभं राहून त्यांनी इकडून तिकडे नजर फिरवली, दुसरं फाटक कुठं नाही याची खात्री केली आणि समाधानानं हुंकार भरला. तेहतीस वर्षांपूर्वी मला या कॉलेजात घालायला आणलं होतं तेव्हाही त्यांनी अगदी हेच केलं होतं. फरक एवढाच की तेव्हा काठी चालण्यासाठी नव्हती, दाखवण्यासाठी होती.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वय चौऱ्याऐंशी. सोबत त्यांचा मुलगा सुरेशदादा आणि सुरेशदादाची मुलगी केतकी. सगळा खटाटोप केतकीसाठी. तिला इथं बी.एस्सी. करायचंय आणि हॉस्टेलवर राहायचंय. फॉर्मवर वडिलांची सही चालते, पण फुलंब्रीच्या आमच्या घरात वडिलांची सही तात्यांच्या मानेवर चालते. मान हलली तर सही. आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि मान अजून हललेली नाही. हलली नाही तर काय, हे केतकीला चांगलं ठाऊक आहे. जालन्याकडचं एक स्थळ दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे.

मला बोलावलं, कारण तात्यांना आता कुणाचंच काही ऐकू येत नाही. माझं सोडून. हे सांगताना मला आनंद होतो आणि तो मी लपवणार नाही.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि चपलेला निंबोळ्या चिकटल्या. तोच कडवट गोड वास. अंगणातला लिंब तेव्हाही म्हाताराच होता, आता त्याच्या बुंध्याला सिमेंटचा पार बांधलाय. इमारत एकमजली, पिवळी, दारांना तोच मातकट हिरवा रंग. शिपाईण दुसरी आहे, पण घंटा तीच. रुळाचा तुकडा आणि लोखंडी कांब. ती वाजली आणि माझा हात आपसूक वेणीकडे गेला. वेणी कापून कित्येक वर्षं झाली, पण हाताला अजून खबर नाही.

आमच्या घरात तात्यांचा एक शब्द होता. ‘आवाज.’ एवढाच. ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेले असत आणि आत भांडं घसरलं, बांगडी किणकिणली, कुणी हसलं की तळहात पालथा करून हवेत खाली दाबायचे आणि म्हणायचे, “आवाज.” ओसरीवर दुसरं कुणी असलं तर पुढं जोडायचे, “माणसं बसलीत.” आत बसलेल्या आम्ही कोण होतो, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला नाही.

गावात सकाळी फिरलं की घराघरातून भाकरी थापल्याचा आवाज येई. आमच्या घरातून येत नसे. माझी आई भाकरी थापायची नाही, दाबायची. परातीच्या कडेनं बोटं फिरवत, गोल गोल, मऊ. मला वाटायचं भाकरी अशीच करतात. भांड्यांखाली फडकी, कडीला चिंधी गुंडाळलेली, रांजणावर झाकण ठेवतानासुद्धा आधी बोट मध्ये घालायचं आणि मग हळूच काढून घ्यायचं. आई मला गोष्ट सांगायची ती कानाला तोंड लावून. तिच्या श्वासाला बडीशेपेचा वास यायचा. गोष्टीतला राक्षससुद्धा आमच्या घरात कुजबुजायचा.

तात्यांसमोर ती कधी बोललीच नाही. निरोप द्यायचा तर मला मध्ये घालायची. “तात्यांना सांग, पाणी तापलंय.” तात्या दोन हातांवर बसलेले. मी त्यांच्याकडे वळून सांगायचे, “तात्या, पाणी तापलंय.” आणि ते म्हणायचे, “हळू बोल. बहिरा न्हाय मी.”

माझे वडील तात्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. त्यांच्याबद्दल एवढंच.

बारावीला मला मार्क बरे पडले. सुरेशदादा आधीच शहरातल्या मोठ्या कॉलेजात होता; तिथं मैदान, कँटीन आणि मोटारसायकलींची रांग. मला तिकडं घालायचा प्रश्नच नव्हता. घरीच बसवायचं ठरत होतं, तेवढ्यात कुणीतरी या कॉलेजचं नाव काढलं. पोरींचंच, लहानसं, एक फाटक. तात्यांनी येऊन भिंत मापली, शिपाईणबाईंना दोन-चार प्रश्न विचारले आणि ओसरीवर जाहीर केलं, “लई बेस हाय. तितं वारंसुदिक इचारून आत येतं. मूठभर पोरी. काय शिकणार अन् काय बिघडणार.”

प्राचार्यबाईंनी विचारलं होतं, “विषय कोणता हवाय?” मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले होते, “कोणताबी द्या. लग्नापतुर कायतरी पायजे.” त्या वर्षी भौतिकशास्त्राला मुली कमी पडत होत्या, म्हणून बाईंनी तिथं नाव लिहिलं. तात्यांची चूक इथंच झाली. त्यांना वाटलं, जिथं पोरं नाहीत तिथं काही घडत नाही. पण पोरं नसलेल्या जागी पोरांची म्हणून राखून ठेवलेली सगळी कामं कुणाच्या अंगावर येतात, याचा विचार त्यांनी केला नव्हता. तो आम्हीही केला नव्हता. आम्हाला ती करावी लागली, एवढंच.

फ्यूज उडाला तर आम्ही. ट्यूबलाइट बदलायची तर टेबलावर स्टूल, स्टुलावर मी आणि स्टूल धरायला छाया. छाया करमाडची, माझ्या बाकावर बसणारी, अंगानं काटकुळी. नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, मग प्रयोगासाठी बादल्या भरून आणायच्या. प्रयोगशाळेला मदतनीस नव्हता. काचा पुसणं, तारा जोडणं, स्पिरिटच्या दिव्याच्या वाती कातरणं, सगळं आमचं. स्नेहसंमेलनाचा मांडव आम्ही बांधला, पडला, परत बांधला. निवडणुकीला उभ्या आम्ही, भांडलो आम्ही, हरलो आणि जिंकलोही आम्हीच. सुरेशदादा आणि त्याचे मित्र हसायचे. बांगड्यांचं कॉलेज म्हणायचे. त्या बांगड्या आम्ही प्रयोगशाळेच्या दारातल्या खिळ्याला काढून ठेवायचो, कारण तारांत अडकून फुटायची भीती. नऊ जणींच्या काचेच्या बांगड्या एका खिळ्याला, वाऱ्यानं किणकिणत. त्या आवाजाला ‘आवाज’ म्हणणारं तिथं कुणी नव्हतं.

हो, नऊ जणी. साठ जणींच्या खोलीत आम्ही नऊ. खोली नंबर चार.

आणि सय्यद मॅडम. उंच, हाडापेरानं मोठ्या, फिक्या रंगाच्या सुती साड्या, चष्म्याला दोरी. शिकवायच्या मराठीत, रागवायच्या दखनीत. रमजानमध्ये त्यांचा आवाज दुपारनंतर जरा घोगरा व्हायचा, पण खाली यायचा नाही. ईदनंतर स्टीलच्या मोठ्या डब्यातून शीरखुर्मा आणायच्या आणि आम्ही तो बीकरमधून प्यायचो. धुतलेल्या, पण तरी काचेला किंचित प्रयोगशाळेचा वास असायचाच. हिवाळ्यात छाया शेतातली सीताफळं आणायची. बियांचा ढीग मॅडमच्या टेबलावर पडायचा आणि त्या म्हणायच्या, “गिनो. मोजमाप की प्रॅक्टिस करो.”

त्यांचा एक रिवाज होता. शेवटचा बाक त्यांचा. आम्ही नऊ जणी पुढच्या तीन बाकांवर, मध्ये सगळी रिकामी बाकडी आणि पार मागं भिंतीला पाठ लावून मॅडम. रोज तास सुरू होण्याआधी एकीनं फळ्यापाशी जायचं आणि कालचा धडा समजावून सांगायचा. बसलेल्या मैत्रिणींना नव्हे. “मेरेकू भी नक्को सुनाव बेटा,” मॅडम म्हणायच्या. “दीवार कू सुनाव.” आणि डोळे मिटून घ्यायच्या. आवाज भिंतीपर्यंत पोचला की डोळे उघडायच्या. नाही पोचला तर मिटलेलेच. ओरडायच्या नाहीत, ‘मोठ्यानं’ म्हणायच्या नाहीत. नुसत्या डोळे मिटून बसायच्या, आणि ते फार वाईट असायचं.

नऊच जणी असल्यानं पाळी दहाव्या-अकराव्या दिवशी यायचीच. आजारी पडून सुटका नाही, दुसऱ्या दिवशी तुम्हीच. मागं लपायला बाक नाही, तो मॅडमचा. सुरेशदादाच्या वर्गात दीडशे मुलं होती. तीन वर्षांत तो एकदाही उभा राहून बोलला नाही, त्याची हजेरीसुद्धा दुसराच कुणी लावायचा. पदवी मिळाली तेव्हा त्याचं नाव ठाऊक असलेला एकही मास्तर त्या कॉलेजात नव्हता. तो आता पन्नाशी ओलांडून गेलाय आणि बापासमोर अजूनही घसा खाकरून बोलतो. मी हे मुद्दाम लिहितेय.

पहिले चार-पाच महिने मॅडमचे डोळे माझ्यासाठी उघडले नाहीत. माझा आवाज पहिल्या बाकावर जाऊन बसायचा. छाया पोचली, बाकीच्या पोचल्या, मी राहिले. एकदा मी जोर लावून किंचाळले तर त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, “चिल्लाव नक्को. चिल्लाए तो आवाज फूटती. पेट से बोलो, दूर जाती.”

मग एका दिवशी, मला वाटतं थंडीचे दिवस होते, खिडकीतून तिरपं ऊन होतं आणि खडूची धूळ त्यात तरंगत होती, मॅडमनी मला मध्येच थांबवलं.

“किसपे गुस्सा है तेरेकू?”

“कुणावरच नाही, मॅडम.”

“झूट. घर में चुप कौन कराता?”

मी फळ्याकडे तोंड फिरवून म्हणाले, “तात्या.”

“अच्छा.” त्या बाकावरून उठल्या. साडीचा घोळ सावरला, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रिकाम्या बाकाकडे बोट केलं. “ये बेंच पे तात्या बैठे. अब बोल.”

धडा ध्वनीचा होता. बंद नळीतली हवा कशी घुमते, एवढंच मला सांगायचं होतं. मी त्या बाकाकडे पाहिलं आणि तिथं तात्या दिसले. तक्क्याला टेकलेले, तळहात पालथा. मी बोलायला लागले. पोटात कुठंतरी खोल काहीतरी उचललं गेलं आणि आवाज निघाला. माझा, जाड, भरलेला, मला अनोळखी. तो बाकांवरून गेला, भिंतीवर आदळला आणि परत येऊन माझ्याच अंगावर पडला. मी पूर्ण धडा सांगितला. थांबले तेव्हा मॅडमचे डोळे उघडे होते आणि छाया रडत होती, का ते तिलाही सांगता आलं नाही.

“हां,” मॅडम म्हणाल्या. “ये आवाज संभालके रखना. काम की है.”

लोक म्हणतात राग माणसाला खातो. माझ्या रागानं मला खायला घातलंय. त्या आवाजावर मी पुढं कारखान्यातल्या सुरक्षेचा डिप्लोमा केला आणि वाळूजला नोकरीला लागले. आता राहते बजाजनगरला. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी शे-दोनशे माणसं समोर असतात, मागं प्रेस मशीन धडधडत असते आणि मी सांगते, हात कुठं घालायचा, कुठं नाही. पहिल्या दिवशी सुपरवायझरनं विचारलं होतं, “मॅडम, माइक आणू का?” मी नको म्हटलं आणि शेडच्या पार मागच्या पत्र्याला ऐकू जाईल असं बोलले. माझ्या आवाजानं बोटं वाचली आहेत. बाप्यांची.

एक आठवण मी जपून ठेवली होती, ती आज इथं उभं राहिल्यावर आपोआप वर आली. शेवटच्या वर्षी खोली नंबर चारमध्ये आमच्या प्रयोगांचं प्रदर्शन होतं. आईला आणायची परवानगी मी कशी मिळवली ते सोडा. ती सकाळच्या सात दहाच्या एसटीनं माझ्यासोबत आली, डोक्यावरचा पदर दातात धरून. छायानं नादकाटा रबरावर आपटला आणि आईच्या कानाशी धरला. आई दचकली. मग ते गुणगुणणं तिच्या कानात शिरलं आणि ती हसली. मोठ्यानं हसली. माझ्या एकोणीस-वीस वर्षांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. खोल, जाड, घुमणारं हसू, भिंतीपर्यंत गेलं. लगेच तिनं तोंडावर हात ठेवला आणि दाराकडे पाहिलं. सय्यद मॅडम म्हणाल्या, “यहां कोई नै, भाभी. हँसो.” आणि आई पुन्हा हसली. तेव्हा मला कळलं, माझा आवाज कुठून आलाय.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि फुलंब्री येईपर्यंत अधूनमधून ओठ मिटून गुणगुणत होती, त्या काट्यासारखं. घरात शिरताना थांबली. पुढं ती कुजबुजतच राहिली, शेवटपर्यंत.

सहा वर्षं झाली. ती परसात हौदाजवळ घसरून पडली. सकाळी कधीतरी. सापडली दुपारी, आणि सापडली ती अशी, की जेवणाची ताटं अजून का मांडली नाहीत म्हणून तात्या ओसरीवरून ओरडले आणि कुणीतरी बघायला गेलं. खुबा मोडला होता. घाटी दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. औषधांच्या वासातही तिच्या श्वासाला बडीशेपेचा वास होता. मी विचारलं, “आई, हाक का नाही मारलीस?”

“मारली की गं,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “दोनदा मारली. पण ओसरीवर तात्या बसले व्हते. तवा बेतानंच मारली.”

त्यातून ती उठली नाही. तेराव्याला तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, “लई चांगली बाई. कधी आवाज चढवला न्हाय.” लोकांनी माना डोलवल्या. मी भाकरीचा तुकडा गिळला आणि त्या दिवसापासून वाट पाहू लागले. कशाची ते मला ठाऊक नव्हतं.

गेल्या दिवाळीत कळलं. तात्यांचे कान गेले होते. मशीन आणून दिली ती कपाटात. म्हाताऱ्यांची वस्तू म्हणून ते लावत नाहीत. घरातले सगळे त्यांच्यासमोर किंचाळायचे आणि ते “काय? काय?” करत बसायचे. मी माजघरात उभी राहून केतकीला सहज काहीतरी म्हणाले, माझ्या नेहमीच्या आवाजात. ओसरीवरून तात्यांनी मान वळवली. “कोण बोललं ते? मला आयकू आलं.” बाकीच्यांची चिरकी ओरड त्यांच्या कानात शिरत नव्हती. पोटातून येणारा जाड आवाज शिरला. तेव्हापासून त्यांना काही सांगायचं म्हणजे मला बोलावतात. त्यांच्या घरातला एकच आवाज आता त्यांच्यापर्यंत पोचतो, तोच जो ते मारायला निघाले होते. देव आहे की नाही मला माहीत नाही, पण असला तर बाई असावी.

आज ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म हातात दिला आणि म्हणाल्या, घरच्यांशी बोलून घ्या, चारला खिडकी बंद होते. तात्यांचे गुडघे दुखत होते. जवळची रिकामी खोली कोणती, तर नंबर चार. आत गेलो. तात्या भिंतीचा आधार घेत मागच्या दारानं शिरले आणि समोर पहिला दिसला त्या बाकावर बसले. शेवटच्या. काठी मांडीवर आडवी, पाठ भिंतीला. मी दारातच थांबले.

केतकी त्यांच्यापुढं उभी राहिली. “आजोबा, मला हॉस्टेलला राहायचंय,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्या बाकावर बसला. सुरेशदादा पुढं झाला आणि टिपेला जाऊन ओरडला, “हॉस्टेल! हॉस्टेल!” तात्यांनी त्रासून हात झटकला. “तू गप. हिला सांगू दे.” आणि माझ्याकडे पाहिलं.

मी जवळ गेले. त्यांनी शिकवला होता तसा आवाज लावला. हळू. माणसं बसलीत असा.

“तात्या, केतकी इथं शिकणार.”

“काय?”

“केतकी इथं शिकणार.”

“अगं, मोठ्यानं बोल.”

मी तो शब्द आधी नीट ऐकून घेतला. मग पुन्हा हळूच म्हणाले, “तात्या, केतकी इथं शिकणार.”

“मोठ्यानं बोल की गं, पोरी! मोठ्यानं!”

सुरेशदादा अस्वस्थ झाला, घड्याळ बघायला लागला. केतकीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला वाटलं मी दगा देतेय. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आता तिचं. मी वळले, सगळी बाकडी ओलांडून फळ्यापाशी गेले. खडूचा वास होता. खिडकीत मॅडम नव्हत्या, त्या जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी तिकडं एकदा पाहिलं. मग शेवटच्या बाकाकडे.

“तात्या! केतकी इथं भौतिकशास्त्र शिकणार. तीन वर्षं. हॉस्टेलवर राहणार. तोवर तिच्या लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही. तुम्हीही नाही. मान हलवा.”

आवाज भिंतीवर गेला आणि परत आला. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुली थबकल्या, दारात गोळा झाल्या. पाच-सहा चेहरे, एकीच्या हातात बादली. तात्या त्यांच्याकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर कंपाऊंडकडे.

“भिंत तेवढीच उच हाय ना अजून?” त्यांनी विचारलं.

“तेवढीच आहे, तात्या.”

“अन् फाटक एकच?”

“एकच.”

त्यांनी मान हलवली. एकदा, जड, खाली वर. तीच चूक, तेहतीस वर्षांनी, त्याच भिंतीपाशी. मी तेव्हाही दुरुस्त केली नव्हती, आजही केली नाही. सुरेशदादानं बाकावरच कागद ठेवून सही केली आणि केतकी फॉर्म घेऊन ऑफिसच्या खिडकीकडे अशी पळाली की तिची चप्पल दारात राहिली. बादलीवाल्या मुलीनं ती उचलून तिच्यामागं नेली.

सुरेशदादा गाडी वळवायला गेला. मी आणि तात्या लिंबाच्या पारावर बसलो. निंबोळ्या टपटपत होत्या. आतून कुठूनतरी मुलींचं हसू आलं, पाच-सात जणींचं एकदम, आणि कुणी थांबवलं नाही. तात्यांना ते ऐकू येत नव्हतं. ते काठीनं मातीत रेघा ओढत होते. मध्येच काठी थांबवून म्हणाले, “तुझा आवाज कुणावर गेला गं? आपल्यात कुणाचा असा न्हाय.”

मी चपलेला चिकटलेली निंबोळी काढत राहिले.

“तुझ्या आईचा व्हता काय असा?” त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. डोळे पाणावलेले, वयानं असतील किंवा कशानं. “एका घरात राह्यलो. मी कधी आयकलाच न्हाय तिचा आवाज. कसा व्हता गं?”

त्या खोलीत, त्याच भिंतीपर्यंत गेलेलं तिचं हसू मला माहीत आहे. ते मी हुबेहूब काढू शकले असते. क्षणभर वाटलंही, म्हातारा माणूस आहे, देऊन टाकावं. पण ते हसू माझं आहे. त्यांच्या वाट्याचा आवाज वेगळा, आणि तो सहा वर्षं माझ्याकडे पडून होता.

मी त्यांच्याकडे झुकले आणि आईच्या आवाजात, बेतानंच म्हणाले, “कुणी हाय का गं? पडले मी.”

तात्यांनी कानामागं हात धरला. चेहरा माझ्या तोंडाजवळ आणला.

“काय? मोठ्यानं बोल.”

मी तेवढ्याच आवाजात दुसऱ्यांदा हाक मारली.